खालची रेघ

ही गोष्ट २००२ सालची. जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहिणारी तनया, नवऱ्याचा हिंजवडीच्या कंपनीतला लॅपटॉप घेऊन विश्रांतवाडीला कांताबाईंकडे आली. त्यांच्याच आवाजाची, मांजरी गावातली जुनी टेप तिने त्यात उतरवून घेतली होती; पडद्यावर आवाजाची रेघ उमटत होती.

"मावशी, सारेगम लिहिण्यापेक्षा हे बरं. आवाज चढला की रेघ चढते."

कांताबाईंनी चष्मा लावला. "आन् ही खालची, पुसट?"

"तो गोंगाट आहे. पुसून टाकणार आहे."

"माझी जाऊ हाय ती, ठकूबाई. जात्याला समोर बसायची, माझ्या मागनं वडायची सूर. वारली चार सालामागं. घरचीबी तिला गोंगाटच म्हणायची."

तनया ओशाळली. "पण मावशी, प्रबंधात एकच आवाज लागतो."

"मग पुस की. पुसायच्या आधी ह्या खालच्या रेघंचा मला तेवढा कागुद काढून दे."

तनया डॉक्टर होऊन परदेशी गेली. तिच्या प्रबंधात एकच रेघ आहे. कांताबाई २००९ मध्ये गेल्या. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो आहे आणि शेजारी चौकटीत तो कागद. हार दोघींनाही असतो. पाहुण्यांना तो कुणाचा तरी कार्डिओग्राम वाटतो.

ठकूबाईंचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.