पांढऱ्याची दगडी भिंत

बुद्धिबळ क्लबच्या अंतिम डावाला बसलो आणि घोरपडेबाईंनी दोन बंद मुठी पुढे केल्या. मी डावीवर टिचकी मारली. आतून पांढरं प्यादं निघालं. झाली का पंचाईत!

आमच्याकडे गतविजेत्यानं रंग निवडायचा, आणि मी नऊ वर्षं काळाच घेतला. मला येतो एकच बचाव, दगडी भिंत. प्यादी एकमेकांत अडकवायची, मागे राजाला झोपवायचं आणि समोरच्याला डोकं आपटू द्यायचं. यंदा कमिटीच्या पोटात दुखलं, म्हणून ही मुठींची थेरं.

म्हटलं, गेलं उडत! पांढऱ्यानंही भिंतच बांधू. पहिली चाल आपली, म्हणजे एक वीट जास्तच.

बांधली. मुंगी शिरणार नाही अशी बांधली. पण बाई डोकं आपटायलाच येईनात. थर्मासमधला चहा पीत त्या घोडा पुढे न्यायच्या, परत मागे आणायच्या. मीही हत्ती इकडून तिकडे फिरवत बसलो. दोन तासांत एक प्यादंसुद्धा मेलं नाही.

"बरोबरी घ्यायची का?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

"घेतली! माझी भिंत आजवर कुणाला फुटलेली नाही," असं म्हणत मी सवयीनं चषकाकडे हात नेला.

"अहो, तो माझा."

त्यांनी नियमांचा कागद पुढे सरकवला. 'अंतिम डाव बरोबरीत सुटल्यास काळ्याचा विजय धरावा.'

खाली, सूचक म्हणून, माझी लफ्फेदार सही होती.