येतो गं

हेरंबच्या डोक्यात दुसरी सिस्टीम बसवून दोन महिने झाले होते. जुन्या हेरंबला धक्का लागणार नाही, दोघं शेजारी-शेजारी सुखाने राहतील, असं बसवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. सकाळी जाग आली की आज कोण उठणार, ते दहा सेकंदांत त्यानेच निवडायचं. ऑफिसला नवा, सुट्टीला जुना.

पण हल्ली रविवारीही आमटी खारट झाली तरी तो कुरकुरत नव्हता, आणि विशाखाच्या जिवाला घोर लागला होता. नवऱ्याला ओळखायची एकच खूण तिच्याकडे उरली होती. घराबाहेर पडताना जुना "येतो गं" म्हणायचा. नवा सरळ "जातो" म्हणायचा, कारण तो जातच असायचा.

आजही रविवारच. तो पिशवी घेऊन दाराशी गेला, तशी कणीक मळता मळता तिचे हात थांबले.

"येतो गं," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. "कोथिंबीर विसरशील बघ नेहमीसारखी!"

"मी विसरत नाही," तो वळून हसला. "'जातो' म्हटलं की तू दचकतेस, तेसुद्धा लक्षात ठेवलंय."