शेवटच्या गाण्यातला ठेका

ताईंनी शेवटच्या गाण्याची टेप मशीनवर चढवली आणि ढोल्याला विचारलं, "हा ठेका तू वाजवलास तरी कशावर? ड्रमवर तर नाही."

ढोल्या हा बँडचा ड्रमर. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गिटारवाला काड्या शेजारीच बसला होता. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी कोणाला आठवणार आहे!

दोघांचाच बँड. ग्रंज रॉक वाजवायचे. फाटके शर्ट, फाटलेला आवाज आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. दोन अल्बम बरे चालले आणि काड्याला प्रयोगाचं खूळ लागलं. आपल्याच घरातल्या एका खोलीत त्याने स्टुडिओ मांडला आणि नियम काढला. एकत्र वाजवायचं नाही. ज्याला सुचेल त्याने यावं, आधीच्या टेपवर आपलं काहीतरी चढवावं आणि निघून जावं. कोणी काय वाजवलं हे एकमेकांना विचारायचं नाही. शिवाय एक माइक खोलीत कायम उघडा. फ्रिजची घरघर, दाराची करकर, येईल ते गाण्यात.

अल्बम सपशेल आपटला. पाठोपाठ बँडही मोडला. आता कुठे नव्या पोरांना तो अल्बम सापडला होता आणि शेवटच्या गाण्यातल्या त्या ठेक्यावर ती जीव टाकत होती. बोथट, संथ, कधी मागे रेंगाळणारा ठेका. अल्बम नव्याने निघणार होता. जुन्या टेप साफ करायचं काम ताईंकडे होतं. त्या निष्णात साउंड इंजिनिअर, आणि मोजकंच बोलणाऱ्या.

कव्हरवरची एक ओळ मात्र अजून कोरी होती. अर्पण कोणाला?

काड्याला 'बाबांना' असं लिहायचं होतं. सकाळपासून ते ओठांवर येत होतं आणि तो गिळत होता.

बाबा त्याच घरात, स्टुडिओच्या भिंतीपलीकडे झोपून असत. झटक्याने अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. धडधाकट होते तेव्हा म्हणायचे, यापेक्षा भांडी घास, निदान स्वच्छ तरी होतील. बोलणं गेल्यावर त्यांच्या हातात काठी उरली. गिटार सुरू झाली की भिंतीवर तडातडा काठी. शेवटी काड्याने गिटारची वायर थेट मशीनला जोडली आणि कानांवर जाड हेडफोन चढवले. आता गिटार त्याच्या कानांतच वाजे, खोलीत नाही. बाबांना त्रास नको, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं तर त्याला ती काठी ऐकायची नव्हती.

ज्या दुपारी त्याने शेवटचं गाणं वाजवलं, त्याच दुपारी बाबा गेले. संध्याकाळी तो चहा घेऊन गेला तेव्हा अंग गार पडलं होतं. झोपेतच गेले असतील, डॉक्टर म्हणाले. तेवढ्या एका वाक्यावर काड्याने पुढचं आयुष्य काढलं. पण ज्या माणसाला आपला एक सूर कधी गोड लागला नाही, त्याचं नाव या अल्बमवर घालायचं म्हणजे मेल्यावरही त्याला छळणंच की. एकदा तरी त्यांच्या उशाशी बसून हळू काहीतरी वाजवायला हवं होतं. ते राहूनच गेलं.

"मी वाजवलाच नाही," ढोल्या अखेर म्हणाला. काड्याने गिटारच्या पोटावर थापा मारल्या असतील असं त्याला वाटलं होतं, आणि विचारायचं नाही हा तर नियमच. पुढे लोक कौतुक करायला लागले. "आयतं ताट पुढे आलं, मी जेवलो. चुकलंच माझं."

काड्याला हसू आलं. त्यानेही वाजवला नव्हता. तो इतकी वर्षं ढोल्याची पाठ थोपटत आला होता.

ताईंनी टेपवरची गिटार बंद केली आणि खोलीतल्या माइकचा आवाज तेवढा वाढवला. ठक. ठक. भिंतीवर लाकूड.

काड्याचं हसू मावळलं. "बाबांची काठी," तो म्हणाला.

टेप फिरत राहिली. काठी वाजत होती, पण ती चिडलेली तडातड नव्हती. एकेक ठोका, सावकाश, तालात. काड्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"ठेका धरत होते रे. माझ्या गाण्यावर." तो ढोल्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं. मग नाक पुसून त्याने ताईंना ओळ सांगितली. बाबांना. आणि ठेका कोणाचा, तिथेही बाबांचंच नाव.

ताईंनी लिहून घेतलं. अल्बमवर गाणं इथेच हळूहळू विरत संपायचं, म्हणून त्यांनी मशीनच्या बटणाकडे हात नेला.

"चालू द्या, ताई," काड्या म्हणाला. "गिटारही लावा. बाबा आणि मी, एकत्र ऐकू दे."

त्यांनी गिटार लावली. शेवटचा सूर लांबत गेला आणि थांबला. मग तरुण काड्याचं गुणगुणणं आलं, हेडफोन घातलेल्या माणसाचं असतं तसं, मोठ्याने, खुशीत. आणि त्याच्यामागे काठी वाजतच होती, आता ताल सोडून, भराभर, आणि प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा हलका.