गॅरेजमधली शेगडी

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. आत कॅम्पिंगच्या शेगडीवर मटण रटरटत होतं आणि गुरुदत्त त्या पातेल्याकडे, लेकीची पाठवणी करताना बापाने बघावं, तसे बघत होते.

घरात मांस शिजवायचं नाही, ही सुमेधाची लग्नापासूनची अट. म्हणून ट्रॉय या गावात घर घेतल्यापासून रविवारचं मटण गॅरेजमध्ये, गाडी बाहेर काढून, वेगळ्या पातेल्यात. बर्फ पडत असला तर अंगात कोट घालून. पण आता घर विकलं होतं. पुढच्या आठवड्यात दोघं अपार्टमेंटमध्ये राहायला जाणार आणि तिथे गॅरेज नव्हतं. आजचं मटण शेवटचं, हे गुरुदत्तांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बायकोशी मटणाचा विषय काढायची त्यांची कधी छाती झाली नव्हती, ती आता उतारवयात कुठून होणार!

लेक सावनी शिकागोहून मुद्दाम आली होती. ती तिथल्या एका वाइनच्या दुकानासाठी खरेदी करायची. येताना तिने कोर्बिएरची रेड वाइन आणली होती.

"बाबा, लगेच पिऊ नको. थोडी हवा लागू दे तिला. सदर्न फ्रान्सची आहे, जरा रफ असते."

"चालेल. मीही कऱ्हाडचाच आहे."

उन्हं कलली होती. मेपलची पानं दाराखालून सावकाश आत येत होती. पेल्यातून ऊन गेलं, की भिंतीवर एक लाल कवडसा हलायचा आणि त्यावरून पातेल्यातली वाफ तरंगत जायची. गुरुदत्तांना वाटलं, घर विकलेलंच नाही. अजून पुष्कळ रविवार आहेत.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. सुमेधा नाकाला ओढणी लावून पायरीवर उभी राहिली. पायरीच्या पुढे ती कधी येत नसे.

"सावनी, पोळ्या झाल्या. हे काय गं?"

"वाइन. घे ना, आई. नो मटण इन इट."

"द्राक्षांचीच ना? मग शाकाहारीच की."

वास घ्यायला तिला ओढणी बाजूला करावी लागली. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"माळाचा वास आहे ह्याला," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यात आजोळी चालत जायचो, तेव्हा यायचा. तापलेले दगड, वाळकं गवत, कसलातरी रानपाला..."

"एक्झॅक्टली! तिकडच्या डोंगरावर अशीच झुडपं असतात."

सुमेधाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ई! किती तुरट!"

"नुसती नको पिऊ. तिला फूड लागतं. तेल, मसाला. म्हणून तर मटण."

सुमेधा तडक आत गेली. चूळ भरायला गेली असणार, असं गुरुदत्तांना वाटलं. पण ती वाटीत भरली वांगी घेऊन आली आणि चक्क पायरीवर बसली. एक वांगं खाल्लं, वर एक घोट घेतला, आणि थांबली.

"आता बरी लागते," ती म्हणाली.

गुरुदत्तांनी आपलं ताट वाढून घेतलं आणि घडीची खुर्ची पायरीजवळ ओढली. रविवारी ते नेहमी इथे एकटे जेवायचे. आज बायको हाताच्या अंतरावर जेवत होती.

"सुमेधा, आजचं हे शेवटचं. तिकडे नाही मी तुला त्रास देणार."

सुमेधाने आणखी एक घोट घेतला. तिचे गाल लाल झाले होते. ओढणी केव्हाच मांडीवर पडली होती.

"अहो, नव्या घराला बाल्कनी आहे ना?"

"आहे. पण लहान आहे."

"शेगडी ठेवून," सुमेधाने रिकामा पेला लेकीपुढे धरला, "दोन खुर्च्या मावतील का?"