लाल फाक

स्क्रीनवरच्या गोल चार्टात लाल फाक अर्ध्याहून मोठी होती. रश्मीने पुन्हा क्लिक केलं. तेवढीच आली.

लाल म्हणजे टी. टी म्हणजे ताईबाई, तिची सासू.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या क्वालिटी ऑफिसात कुणी नसायचं. तरी तिने स्क्रीन दारापासून वळवून ठेवली होती. शीटमध्ये नावांऐवजी नुसती अक्षरं होती. कुणी डोकावलंच, तर एखाद्या पार्टचं रिजेक्शन वाटावं. खरं तर त्या तिच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या, संघर्षच्या, उलट्या होत्या. कधी झाली, किती वेळा, आणि तेव्हा त्याला भरवलं कुणी.

रीत कंपनीतलीच. खराब माल निघाला की साहेब विचारायचे, "कुणाच्या शिफ्टला?" बाकी काही नाही.

संघर्षचं वजन उतरत चाललं होतं. शिरूरच्या डॉक्टरांनी औषध बदललं, पुन्हा बदललं. शेवटी म्हणाले, "बाई, याच्या पोटात काहीतरी जातंय. घरात कोण काय देतं, लक्ष ठेवा. आणखी खाली गेलं तर पुण्याला ॲडमिट करावं लागेल. इतकं लहान मूल, मी जबाबदारी घेणार नाही."

तेव्हापासून तिचं कशातच चित्त नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये बसली की निमोण्याचं घर डोळ्यांसमोर यायचं. ताईबाई माठात तांब्या बुडवतायत. वाटी-चमच्याने दूध पाजतायत. पदरानेच बाळाचं तोंड पुसतायत. आणि ती वेखंड-मुरडशेंगेची गुटी, न धुतलेल्या सहाणेवर उगाळलेली.

ती घरी असली की तसलं काही चालू देत नसे. सुट्टीच्या दिवशी संघर्षला दुसऱ्याच्या हातात देतच नसे. दूध तीच करायची, बाटली तीच धुवायची. पाणी गाळायचं, उकळायचं, वर नर्सबाईंनी दिलेलं पाणी शुद्ध करायचं औषध. घागरीला दोन थेंब, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. रश्मी तांब्याला दोन टाकायची. लेकराच्या बाबतीत हात कशाला आखडायचा?

"तुझ्या पान्याला दवाखान्याचा वास मारतोय गं," ताईबाई म्हणायच्या. "पोरगं हाय का फरशी?"

 बी.कॉम. झालेल्या सुनेला ऐकवायची ताईबाईंना हौसच होती.

चार्ट मात्र लवकर जमला नाही. आधी तिने लाइन काढून बघितली. नुसते चढउतार, त्यातून कोण ते कळेना. मग तारीखवार कॉलम. दाटीवाटीने उभे खांब, बघून डोळे दुखले. मग पाय चार्ट, भाकरीसारखा गोल, केला आणि एका नजरेत कळलं. लाल टीची, पिवळी आरची, म्हणजे तिची स्वतःची, आणि बारीकशी हिरवी नवऱ्याची, नवनाथची. पिवळी लालपेक्षा लहान होती. साहेबांना पाय चालत नसे. "गोल गोल फिरवू नका मला, उभे खांब दाखवा," ते चिडायचे. पण हा साहेबांना थोडाच दाखवायचा होता?

तिने रंगीत प्रिंट काढली आणि घडी करून पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी घरी नवनाथने प्रिंट दिव्याखाली धरली. "आई मुद्दाम करंल का गं असं?"

"मुद्दाम कोण म्हणतंय? पण अहो, हे बघा ना. दिसतंय ना समोर? त्याला काही झालं म्हणजे?"

 ताईबाईंनी कागद नवनाथच्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा धरला.

"ही काय भाकरी हाय व्हय? आन् ह्यो येवढा मोठा चतकोर माझा?"

"आई, थोडे दिवस आक्काकडं जाऊन ये दौंडला," नवनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. "पोराला बरं वाटंस्तवर."

भांडण होईल म्हणून रश्मी पदर खोचून तयार होती. ताईबाई भांडल्या नाहीत. त्यांनी संघर्षच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. सकाळच्या दौंडच्या गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "लई बारीक झालाय. जप त्याला."

त्या दिवशी रश्मीने राजीनामा टाइप केला. साहेबांनी तो ठेवून घेतला. "मुलाचं कारण आहे म्हणता, तर काय बोलणार?" म्हणाले. घरी नवनाथ रजा काढून बाळाजवळ बसला होता. उद्यापासून रश्मीच. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक चमचा तिच्या हातचा. कित्येक दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड जरा हलला.

तिच्या जागी आता प्राची बसणार होती. कोर्स नुकताच झालेली, उत्साही पोर. रश्मी ड्रॉवर आवरत होती तेव्हा प्राचीने कॉम्प्युटर उघडलासुद्धा.

"ताई, ही शीट कुठल्या पार्टची? नावच न्हाई."

रश्मीचा हात थांबला. "जुनी आहे. पुसून टाक."

"थांबा की, जरा हात बसू द्या. पाय कशाला काढलाय ह्याचा? जो जास्त दिवस मशिनीवर, त्याचीच फाक मोठी येनार." प्राचीने पाय चार्ट पुसला. "साहेब म्हनले, आधी वार लावायचे. कुठल्या वाराला बिघडतं ते बघायचं."

माउस टकटकला. सात खांब उभे राहिले. सहा बुटके, आणि एक थेट वरच्या रेघेला टेकलेला.

प्राची हसायला लागली.

"ताई, भरताना काहीतरी घोळ झालाय बघा तुमचा. सगळ्यात जास्त गुरुवारी दाखवतंय. आन् गुरुवारी तर आपली कंपनीच बंद, तुम्ही घरी असता."