तिसऱ्या बाकावरची गर्दी

लग्नाशिवाय बाळ झालं तेव्हापासून चर्चमध्ये शिंपीणबाईच्या बाकावर कुणी बसेना. आठवडाभर तिच्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या बायकाही रविवारी, ऐन उन्हाळ्यात, दुसऱ्या बाकांवर दाटीवाटीने घाम पुसत बसायच्या. पाळकसाहेबांनी लागोपाठ चार रविवार ‘कुणाला दोष लावू नका’ हे घसा फोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

पाचव्या रविवारी मात्र सगळ्यांत फटकळ मावशी आली ती थेट शिंपिणीच्या शेजारीच टेकली.

“सरक गं जरा. देवापुढे आपण सगळ्या सारख्याच पापी,” म्हणत तिने बाळालाही मांडीवर घेतलं. बघता बघता त्या बाकावर मुंगी शिरायला जागा उरली नाही.

उपासना संपली. घामाने निथळणाऱ्या पाळकसाहेबांचे डोळेही भरून आले होते. ते शिपायाला म्हणाले, “पाहिलंस? वचन शेवटी काळजाला भिडलंच!”

“भिडलं ना, साहेब,” एरवी पाळकसाहेबांच्या मागे असणारा चर्चचा एकुलता एक पंखा शिंपिणीच्या बाकाजवळून उचलत शिपाई म्हणाला. “आता पुढच्या रविवारी वचन मागच्या कोपऱ्यात लावतो. जोडप्यासारखे राहणारे ते दोघे तरुण आहेत ना, त्यांच्या शेजारी अजून कुणी बसत नाही.”