पाऊण तासाचं विमान

निरंजन सांगलीत उतरला, तेव्हा मॉन्ट्रियलला घेतलेली कॉफी त्याच्या हातात अजून कोमट होती. घरी आईला अंगणात निजवलं होतं.

"बरं झालं, खोळंबा नाही झाला," शेजारचे आप्पा म्हणाले.

पूर्वी परदेशातल्या मुलासाठी दोन-दोन दिवस देह बर्फात ठेवत. तो मुलगा लांबच्या प्रवासात रडून घ्यायचा आणि मगच दारात उभा राहायचा. निरंजनला तेवढा वेळच मिळाला नव्हता. त्यानं आईच्या तोंडात पाणी घातलं, अग्नी दिला, आंघोळ केली, तरी आत काही हललं नाही.

"राहतोस ना आज?" ताईनं विचारलं.

"परवा राख सावडायला येतो की. पाऊण तासाचं तर विमान आहे," तो सवयीनं बोलून गेला.

"आईलाही सहा वर्षं हेच सांगत होतास," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.